परक्याने केलेली यादी

संगणकावर चालणारा एक लहानसा प्रोग्रॅम आहे. पीअरब्लॉक हे त्याचे नाव. तो संगणकात कायमचा बसवावा लागत नाही. पेनड्राइव्हवर घालून तो खिशातून नेता येतो, आणि ज्या संगणकाला तो पेनड्राइव्ह लावावा तेथे तो कामाला लागतो. त्याचे काम राखणदाराचे आहे. इंटरनेटवरील प्रत्येक जोडणीला आकड्यांचा एक पत्ता असतो. त्यास आयपी पत्ता म्हणतात. ह्या राखणदाराच्या हाती नको असलेल्या पत्त्यांची एक यादी असते. यादीतील पत्त्यावरून कोणी आले तर तो दार उघडत नाही, आणि घरातून कोणी त्या पत्त्याकडे निघाले तर त्यासही जाऊ देत नाही. त्याचे काम एवढेच. २०१४ च्या जानेवारीनंतर ह्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती निघाली नाही, तरी तो वापरणारे अजून आहेत, आणि त्याच्यासारखे दुसरेही निघाले आहेत.

अशा प्रोग्रॅमविषयी मासिकात लिहिण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. आम्हांस वाटते, पुष्कळ आहे. आमच्या मंडळ्यांतील तरुण मुले ह्या गोष्टी वापरतात, आणि त्यांना कोणी हटकले तर म्हणतात, आम्ही आमचे खाजगीपण जपतो, त्यात वाईट काय? वडीलधारी माणसे म्हणतात, ज्याने काही वावगे केले नाही त्याला लपायचे कारण काय? दोन्ही बाजूंना आपापले उत्तर पुरेसे वाटते आणि बोलणे तेथेच खुंटते. पण ह्या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रश्न आहे, आणि तो कोणीच विचारत नाही. त्या राखणदाराच्या हातातील यादी कोणी केली?

तेथे पोहोचण्याआधी हा राखणदार जन्मला कशातून ते सांगितले पाहिजे.

२००१ साली अमेरिकेत नॅपस्टर नावाची सेवा न्यायालयाच्या हुकमामुळे बंद पडली. लोक तिच्यावरून एकमेकांच्या संगणकांतील गाणी फुकट उतरवून घेत असत. नॅपस्टर गेले, पण त्याच्या जागी दुसऱ्या सेवा आल्या, आणि त्यांना मधली एकच कचेरी नव्हती की जिला टाळे ठोकावे. तेव्हा ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांनी थेट माणसांवर फिर्यादी लावण्यास आरंभ केला. ८ सप्टेंबर २००३ ह्या एका दिवशी त्यांनी २६१ जणांवर दावे दाखल केले. त्यांत न्यू यॉर्कमधील बारा वर्षांची एक मुलगी होती. तिच्या आईने दोन हजार डॉलर भरून प्रकरण मिटविले.

ही माणसे सापडली कशी? अशा देवाणघेवाणीत एक गाणे किंवा चित्रपट घेताना आपल्याला देणाऱ्याचा पत्ता दिसतो आणि देणाऱ्याला आपला. कंपन्यांनी नेमलेले टेहळे त्याच गर्दीत सामील होत आणि पत्ते टिपून घेत. मग इंटरनेट पुरविणाऱ्याकडून त्या पत्त्यामागचे नाव काढीत. ह्या टेहळ्यांना दाराबाहेर ठेवण्यासाठी २००३ मध्येच पीअरगार्डियन नावाचा प्रोग्रॅम निघाला. पीअरब्लॉक हा २००९ मध्ये त्याच्याच आधारावर उभा राहिला.

म्हणजे मूळ खरे सांगायचे तर दुहेरी आहे. बारा वर्षांच्या पोरीला न्यायालयाची नोटीस येते हे पाहून ज्यांचे काळीज हलले त्यांनी तो केला असेल, आणि दुसऱ्याच्या मेहनतीचे गाणे फुकट घेऊन वर पकडले जाऊ नये म्हणूनही अनेकांनी तो घेतला. एकाच हत्यारात न्याय्य भीती आणि अन्याय्य सोय दोन्ही बसल्या आहेत. गाणे चोरून घेणे बरे नव्हे, ह्यावर आम्ही येथे अधिक लिहीत नाही. ते शब्बाथ शाळेतील लहान वर्गालाही कळते. जो ह्या प्रोग्रॅमच्या आडोशाने चोरीच करतो त्याचा प्रश्न खाजगीपणाचा नाहीच. आम्हांला बोलायचे आहे ते दुसऱ्याविषयी. ज्याला काही चोरायचे नाही, पण आपल्यामागे कोणी वही घेऊन फिरू नये एवढेच ज्याला वाटते, त्याच्याविषयी.

अशा माणसाला "तुला लपायचे कारण काय" असे विचारणे आम्हांस पटत नाही. पोस्टात आजही पोस्टकार्ड मिळते आणि आंतरदेशीय पत्रही मिळते. मुलीच्या लग्नाची तारीख कळवायची तर कार्ड चालते. त्याच मुलीला सासरी काय सोसावे लागते हे भावाला लिहायचे तर आई आंतरदेशीय घेते आणि डिंकाने नीट चिकटवते. तिने काही वावगे केले आहे काय? काही गोष्टी वाईट नसतात, पण त्या ज्याच्या त्यालाच सांगायच्या असतात. पाळकाकडे माणूस मन मोकळे करतो ते पाळक दुसऱ्या दिवशी बाजारात बोलणार नाही ह्या भरवशावरच. ज्याला क्षय झाला आहे, ज्याच्यावर कर्ज झाले आहे, जिला नवरा मारतो, ज्याचा मुलगा दारूला लागला आहे, ती माणसे आज आपली शंका शेजाऱ्याला विचारण्याआधी इंटरनेटला विचारतात. त्यांचे ते विचारणे कोणी टिपून ठेवावे, विकावे, आणि मग त्यांच्यापुढे औषधांच्या किंवा कर्जाच्या जाहिराती नाचवाव्या, हे बरे आहे काय?

आपल्या देशात ह्या प्रश्नाचा निकाल एका वृद्ध गृहस्थांच्या नावाने ओळखला जातो. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी हे २०१२ साली, वयाच्या ऐंशीच्या पुढे, आधारच्या योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या खटल्यात खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे की नाही असा प्रश्न निघाला, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने तो आहे असे सांगितले. त्या वयात माणसे पेन्शनीची कागदपत्रे सांभाळीत बसतात. ह्या गृहस्थांना स्वतःचे काही लपवायचे होते म्हणून ते गेले, असे कोणीही म्हणणार नाही.

तर खाजगीपण हवे असणे ह्यात दोष नाही. मग हा राखणदार ते देतो काय?

फारच थोडे देतो. त्याच्यामुळे आपला पत्ता कोणापासून लपत नाही. ज्याच्याशी आपण जोडले जातो त्याला तो दिसतोच. इंटरनेट पुरविणाऱ्याला तर आपण कोठकोठे गेलो तो सारा रस्ता दिसतो. शिवाय ह्या प्रोग्रॅमची एक गंमत आहे. त्यात अशी एक सोय ठेवलेली आहे की नेहमीच्या संकेतस्थळांची वाहतूक अडवायचीच नाही. ती सोय का ठेवली? कारण यादी इतकी मोठी आणि इतकी ढोबळ आहे की ती सगळीकडे लावली तर साधी रोजची संकेतस्थळेही उघडेनाशी होतात. म्हणून वापरणारे ती सोय चालू ठेवतात. आणि ती चालू ठेवली की ज्या वाटेने जाहिरातवाले आणि टेहळे मागोवा घेतात ती संकेतस्थळांची वाट मोकळीच राहते. पुढच्या दाराला राखणदार आणि परसदार उघडे, अशातली ही गत. त्या वाटेवर तर पत्त्याचीही गरज नसते. २०१० मध्ये अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ह्या संस्थेने चार लाखांहून अधिक ब्राउझर तपासले. टंकांचे प्रकार, पडद्याचा आकार, घड्याळाचा विभाग असल्या बिनमहत्त्वाच्या खुणांवरूनच त्यांतील ८३.६ टक्के एकमेकांपासून वेगळे ओळखता आले.

आणि ज्या कामासाठी तो मुळात निघाला ते तरी तो नीट करतो काय? इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये फाइलींच्या देवाणघेवाणीवर पाळत ठेवणाऱ्यांवर उलट पाळत ठेवली. त्यांना दिसले की लोकप्रिय चित्रपट उतरवून घेणारा साधारण तीन तासांत कोणाच्या तरी वहीत टिपला जातो. लोक ज्या याद्या वापरतात त्या त्यांनी ताडून पाहिल्या. पुष्कळ टेहळे त्या यादीत नव्हते. आणि यादीत असलेले पुष्कळ टेहळे नव्हते.

हे शेवटचे वाक्य वाचकांनी पुन्हा एकदा वाचावे. पहिल्या दोषाने आपले नुकसान होते, म्हणून त्याविषयी सगळे बोलतात. दुसऱ्याने नुकसान होते ते ज्याचे काही वाकडे नाही अशा परक्याचे, म्हणून त्याविषयी कोणी बोलत नाही.

तर आता यादीकडे येऊ.

पीअरब्लॉक प्रथम चालू केला की तो विचारतो, तुम्हांला कोणाकोणाला अडवायचे आहे? टेहळे, जाहिरातवाले, हेरगिरीचे प्रोग्रॅम पाठविणारे. येथवर ठीक. त्यांच्या पंक्तीत आणखी एक नाव आहे, शिक्षणसंस्था. विद्यापीठांचे आणि शाळांचे पत्ते! त्यांनी काय केले? विद्यापीठांतून कोणी कोणी देवाणघेवाणीचा अभ्यास करीत, त्यासाठी त्या गर्दीत शिरत, म्हणून यादी करणाऱ्यांनी विद्यापीठेच्या विद्यापीठे घातली. एका खोलीत दोन संशोधक बसले होते, म्हणून वसतिगृहातील साऱ्या मुलांना दार बंद.

असे का होते हे समजण्यासाठी थोडा हिशेब पाहावा लागेल. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते एकंदर ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ आहेत. माणसे त्याहून अधिक, आणि एकेका माणसाची दोन दोन उपकरणे. २०११ च्या फेब्रुवारीत मध्यवर्ती साठ्यातील शेवटचे गट वाटले गेले आणि कोठार रिकामे झाले. नव्या पद्धतीचे लांबलचक पत्ते आले आहेत, परंतु जुने अजून चालू आहेत, आणि ते पुरत नाहीत म्हणून एकच पत्ता शेकडो घरांत वाटून दिला जातो. आज जो पत्ता आपला तो उद्या दुसऱ्या गावातील कोणाचा. कंपनीने जागा सोडली की तिचा गट दुसऱ्या कंपनीकडे जातो. यादीत मात्र जुनीच ओळ असते. चाळीतील खोली नंबर सातमध्ये कधी काळी एक भामटा राहत होता, म्हणून त्या खोलीत आज बिऱ्हाड केलेल्या मास्तरीणबाईंना वाणी उधार देत नाही, असा हा प्रकार.

हे अतिशयोक्तीने लिहिले आहे असे वाटू नये. २००७ च्या वर्षारंभी विकिपीडियाच्या एका स्वयंसेवक व्यवस्थापकाने खोडसाळ लिखाण होते म्हणून एका पत्त्याला बंदी केली. तो एक पत्ता म्हणजे कतार हा देश निघाला. तेथील जवळजवळ सारी वाहतूक त्या एकाच पत्त्यावरून बाहेर पडत असे. बंदी काही तासांत उठली, कारण ती उघड होती आणि बोलणारे पुष्कळ होते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियात चोरटे संगीत देणारी चौदा संकेतस्थळे अडविण्याच्या हुकमाखाली क्लाउडफ्लेअर ह्या कंपनीचे अकरा पत्ते अडविले गेले. त्या अकरा पत्त्यांवर ज्यांचा त्या चोरीशी काडीचा संबंध नव्हता अशी हजारो संकेतस्थळे नांदत होती. तीही ऑस्ट्रियातील लोकांना दिसेनाशी झाली. हा हुकूम तर न्यायालयाच्या मार्गाने आलेला. तेथे वकील होते, कागद होते, दाद मागायला जागा होती. परक्या स्वयंसेवकांनी केलेल्या यादीला ह्यांतले काय आहे? ज्याला अडविले त्याला आपण अडविलो गेलो हेदेखील कळत नाही. त्याला एवढेच दिसते की पलीकडून उत्तर येत नाही.

गव्हातील निदण उपटण्याची घाई करू नये हा दाखला आमच्या वाचकांस पाठ आहे. त्यात शेतमालकाला निदण आवडत होते असे नाही. गहू हाती येईल ह्याची त्याला काळजी होती. ज्याला फक्त निदणाचा राग आहे आणि गव्हाची काळजी नाही, तो शेत साफ करतो खरा, पण मग शेतात काही उरत नाही.

आम्हांला येथे एक जुनी गोष्ट आठवते. ती संगणकाची नाही, पण तिची गाठ ह्याच खुंटीला आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे १९११ आणि १९२४ मध्ये त्यात फेरफार होऊन तो अधिक पसरला. मुंबई इलाख्यातही, म्हणजे आजच्या बेळगाव-धारवाडापासून सोलापूर-नगरपर्यंत, तो लागू झाला. त्या कायद्याने एखाद्या माणसाने काय केले हे पाहण्याची गरजच ठेवली नाही. जमातीचे नाव यादीत आले की तिच्यात जन्मलेला प्रत्येक जण यादीत. पोलीस पाटलाकडे हजेरी, गाव सोडायचे तर परवाना, आणि पुष्कळांना तारेच्या कुंपणाआडच्या वसाहती. पारध्यांचे पोर पाळण्यात असतानाच गुन्हेगार ठरत असे. त्या वसाहतींपैकी काही चालविण्याचे काम मिशनांनीही पत्करले होते. साल्वेशन आर्मीचे ह्यातील काम सर्वांना माहीत आहे. ती माणसे दुष्ट नव्हती. त्यांनी शाळा काढल्या, हातमाग घातले. परंतु यादी कोणी केली आणि कशावरून केली, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांनी विचारले. यादी सरकारकडून आलेली होती, ती तशीच हाती घेतली आणि तिच्यावर दयेने काम केले. १९५२ साली तो कायदा देशभर रद्द झाला, आणि सत्तर वर्षे उलटून गेली तरी गावात चोरी झाली की आधी कोणाच्या पालावर जातात हे सर्वांना ठाऊक आहे. कायद्याच्या पुस्तकातून यादी पुसली, माणसांच्या मनातून पुसली नाही.

कोणी म्हणेल, कोठे जिवंत माणसांची जमात आणि कोठे आकड्यांचे पत्ते! हे म्हणणे रास्त आहे. पत्ता अडविल्याने कोणाच्या पोटावर पाय येत नाही, निदान सहसा येत नाही. दोहोंचे वजन सारखे आहे असे आम्ही म्हणत नाही. सारखी आहे ती मनाची सवय. एकाने केले त्याबद्दल आसपासच्या सर्वांना धरणे, दुसऱ्याने ठरविलेल्या दोषावर आपण शिक्षा अंमलात आणणे, आणि आपण कोणाला शिक्षा करीत आहो हे न पाहणे. शहरात घर भाड्याने घ्यायला गेल्यावर आडनाव विचारून दार लावून घेतात, त्याचा अनुभव आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी घेतलेला आहे. त्या घरमालकाने आपल्याला कधी पाहिलेले नसते. त्याच्याकडेही एक यादी असते, आणि तीही त्याने केलेली नसते.

म्हणून आमचे म्हणणे असे की हा प्रोग्रॅम वापरणे हे केवळ स्वतःला झाकणे नव्हे. तो वापरणारा न्यायासनावर बसतो. लहानशा का होईना, पण बसतो. आणि निकालपत्र दुसऱ्याने लिहिलेले असते. खाजगीपणाचा हक्क आपला आहे, पण त्या हक्काच्या नावाने दुसऱ्याविषयीचा निवाडा डोळे मिटून पत्करण्याचा हक्क त्यात येत नाही.

यादी करणेच वाईट, असे मात्र नाही. टपालाच्या इंटरनेटवरील कचऱ्याशी १९९८ पासून झगडणारी स्पॅमहाउस नावाची संस्था आहे. तिच्या याद्यांवर जगातील फार मोठा भाग टपालासाठी विसंबून असतो. तिच्याशीही लोकांचे वाद झालेले आहेत. पण कोणाही माणसाला आपला पत्ता तेथे तपासता येतो, तो का घातला हे वाचता येते, आणि दोष दूर केल्यावर नाव काढून घेण्याची वाट तेथे असते. कारण सांगणारी आणि पुसता येणारी यादी निराळी, आणि ज्या यादीत एकदा गेलेला पत्ता कशाने बाहेर येतो हे कोणालाच ठाऊक नाही ती निराळी. मंडळीच्या नोंदवहीतून कोणाचे नाव काढायचे असेल तर आपण पंचमंडळीची सभा घेतो, त्या माणसाला बोलावतो, आणि परत घेण्याचीही रीत ठेवतो. त्याहून हलक्या गोष्टीत त्याहून कमी चालेल, पण अजिबात नाही असे चालू नये.

आता खिशातून नेता येण्याविषयी थोडेसे. पेनड्राइव्हवरचा प्रोग्रॅम आपल्या घरच्या संगणकासाठी क्वचितच लागतो. तो लागतो दुसऱ्याच्या संगणकासाठी. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, सायबर कॅफेत, मामाच्या घरी, मंडळीच्या कचेरीत. मागे काही राहत नाही, म्हणून त्यात काही बिघडत नाही अशी समजूत असते. परंतु पत्ते अडविण्यासाठी ह्या प्रोग्रॅमला संगणकाच्या अगदी आतल्या थरात आपला एक तुकडा चालवावा लागतो आणि त्यासाठी मालकाचा अधिकार लागतो. पाहुण्याने यजमानाच्या दारावर आपला राखणदार उभा करावा, आणि कोणाला आत सोडायचे ते आपल्या यादीवरून ठरवावे, हे यजमानाला न विचारता कसे चालेल? समजा, मंडळीच्या कचेरीतील संगणकावर कोणी तो चालू ठेवून गेला, वर सांगितलेली सोयही बंद होती, आणि दुपारी खजिनदार बँकेचे काम करायला बसले. पान उघडेना, तर ते बँकेला फोन करतील, तारा हलवून पाहतील, आणि दारावर कोणी उभे आहे हे त्यांच्या स्वप्नातही येणार नाही. सायबर कॅफेची गोष्ट तर कायद्यात आहे. २०११ च्या नियमांप्रमाणे कॅफेवाल्याला गिऱ्हाइकाची ओळख पाहून नोंद ठेवावी लागते आणि ती निदान वर्षभर जपावी लागते. आपण त्याच्या संगणकावर काही केले तर जाब तो देतो. तो बिचारा दिवसाला चार गिऱ्हाइके आली तर आली म्हणून बसलेला असतो.

स्वतःच्या संगणकावर, स्वतःच्या जबाबदारीवर कोणी हा राखणदार ठेवला तर आम्ही त्यास दोषी म्हणणार नाही. त्याला हवे ते खाजगीपण त्यातून मिळेल असे मात्र आम्हांस वाटत नाही. मागोवा घेणाऱ्यांना अडविणारे ब्राउझर आता सहज मिळतात, आणि साध्या माणसाला त्यांचा उपयोग अधिक आहे. पण हे झाले सोयीचे बोलणे. तरुण संघात किंवा शब्बाथ शाळेच्या मोठ्या वर्गात हा विषय निघाला, आणि तो निघेलच, तर शिक्षकांनी संगणकाचे ज्ञान नाही म्हणून गप्प बसू नये, आणि "देव सर्व पाहतो" एवढे सांगून मुलांची तोंडेही बंद करू नयेत. देव पाहतो ह्यावरून कंपनीनेही पाहावे असे निघत नाही, आणि चलाख मुलगा हे लगेच बोलून दाखवील. त्यापेक्षा त्यांना ती यादी उघडायला सांगावी.

ती उघडता येते. पुष्कळ याद्या साध्या मजकुराच्या फाइली असतात आणि नोटपॅडमध्ये दिसतात. प्रत्येक ओळीत एक नाव, मग दोन टिंबे, मग पहिला पत्ता, आडवी रेघ आणि शेवटचा पत्ता. मधले सगळे त्यात आले. मुलांनी त्यांतील कोणत्याही दहा ओळी घ्याव्या आणि प्रत्येकीसाठी शोधावे की हे कोण आहे, कोठले आहे, आज तेथे कोण राहते, आणि ह्याने आपले काय केले. एखादी जाहिरातीची कंपनी निघेल. एखादे विद्यापीठ निघेल. काही ओळी अशा निघतील की ते नाव आता कोठेच नाही, आणि पत्ता भलत्याच देशातील घरांकडे गेलेला आहे. एका रविवारी दहा ओळी पुऱ्या होणार नाहीत. उरलेल्या पुढच्या रविवारी घ्याव्या.